बेंझीनचे वलय फोडणारे मातीतील जिवाणू

कपाटातील लोकरीच्या कपड्यांत ठेवलेल्या डांबराच्या गोळ्या काही महिन्यांत झिजून नाहीशा होतात, हा घरोघरीचा अनुभव आहे. पूर्वापार या गोळ्या नॅप्थॅलीनच्या केल्या जात आणि नॅप्थॅलीन घन अवस्थेतून थेट हवेत उडून जाते. कपड्यांना कसर लागू नये म्हणून वापरला जाणारा हा उग्र वासाचा पदार्थ कीटकांना घातक असला, तरी मातीतील काही जिवाणूंचे तो अन्न आहे. प्रयोगशाळेत पाणी, थोडे क्षार आणि नॅप्थॅलीनचे स्फटिक एवढेच दिले, तरी हे जिवाणू जगतात, वाढतात आणि नॅप्थॅलीनचे रूपांतर अखेर कार्बन डायऑक्साइड व पाण्यात करतात.

ही क्षमता केवळ कुतूहलाचा विषय नाही. पेट्रोल पंपाखालील टाकीला पडलेले छिद्र, फुटलेली तेलवाहिनी, तेलशुद्धीकरण कारखान्यातील गाळ, कोळशापासून गॅस बनविणाऱ्या जुन्या कारखान्यांच्या आवारातील डांबर या सर्वांतून नॅप्थॅलीनच्या कुळातील विषारी द्रव्ये जमिनीत उतरतात आणि तेथून विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात पोहोचू शकतात. अशी माती खणून अन्यत्र नेणे किंवा भट्टीत जाळणे अतिशय खर्चिक असते. त्यामुळे मातीतील जिवाणूंकडूनच ही सफाई करून घेता येईल का, हा प्रश्न अनेक दशके शास्त्रज्ञांपुढे आहे. गेल्या शंभर वर्षांच्या संशोधनातून त्याचे जे उत्तर मिळाले, ते असे : हे काम करणारे जिवाणू बहुतेक मातीत आधीपासूनच असतात, उणीव असते ती त्यांना लागणाऱ्या हवेची आणि पोषणाची.

वलयाचे बळ

मायकेल फॅरेडे यांनी १८२५ मध्ये दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या गॅसच्या टाक्यांत साचलेल्या तेलकट द्रवातून बेंझीन प्रथम वेगळे केले. कार्बनचे सहा आणि हायड्रोजनचे सहा अणू असलेल्या या रेणूची रचना वलयाकार आहे, ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट केकुले यांनी १८६५ मध्ये मांडली. असे वलय असलेल्या हायड्रोकार्बनांना ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन म्हणतात. बेंझीन, टोल्यूइन, इथिलबेंझीन आणि झायलीन ही एका वलयाची संयुगे पेट्रोलमध्ये असतात. दोन वलये जोडली गेली की नॅप्थॅलीन, तीन जोडली की फिनँथ्रीन, चार जोडली की पायरीन तयार होते. बेंझोपायरीनमध्ये अशी पाच वलये असतात. तंबाखूचा धूर, वाहनांचा धूर आणि डांबर या तिन्हींमध्ये बेंझोपायरीन आढळते.

वलयातील इलेक्ट्रॉन कोणत्याही एका बंधात अडकून न राहता साऱ्या वलयावर पसरलेले असतात. त्यामुळे वलयाला विलक्षण स्थैर्य लाभते आणि ते सहजासहजी तुटत नाही. वलये जितकी अधिक, तितका पदार्थ पाण्यात कमी विरघळतो. एका लिटर पाण्यात बेंझीन सुमारे पावणेदोन ग्रॅम विरघळते. नॅप्थॅलीन मात्र सुमारे ३० मिलिग्रॅम आणि बेंझोपायरीन तर केवळ काही मायक्रोग्रॅम. याचे दोन परिणाम होतात. बेंझीन पाण्याबरोबर दूरवर वाहून जाते, तर बेंझोपायरीन मातीच्या कणांना चिकटून वर्षानुवर्षे एकाच जागी राहते.

दोन्ही आरोग्याला अपायकारक आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेंझीन व बेंझोपायरीन या दोहोंचा समावेश मनुष्यात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेनुसार पिण्याच्या एका लिटर पाण्यात बेंझीन १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. भारतात विकल्या जाणाऱ्या बीएस-६ दर्जाच्या पेट्रोलमध्येही एक टक्क्यापर्यंत बेंझीन आणि एकूण ३५ टक्क्यांपर्यंत ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने असण्यास मुभा आहे. जमिनीत झिरपलेले थोडेसे पेट्रोलही विहिरीचे पाणी पिण्यास अयोग्य ठरवू शकते, ते यामुळेच.

जिवाणूंना ही विद्या कोठून आली?

पेट्रोल पंप आणि तेलशुद्धीकरण कारखाने गेल्या शे-दीडशे वर्षांतले. एवढ्या अल्पावधीत जिवाणू बेंझीन पचवायला कसे शिकले, असा प्रश्न कोणालाही पडेल. वस्तुतः ॲरोमॅटिक वलय निसर्गाला नवे नाही. लाकडाला कणखरपणा देणारे लिग्निन हे अशाच वलयांनी बनलेले असते. प्रथिनांतील फेनिलॲलानिन व टायरोसिन या अमिनो आम्लांतही ते आहे. वणव्यांच्या राखेत आणि भूगर्भातून आपोआप झिरपणाऱ्या तेलातही अनेक वलयांची हायड्रोकार्बने असतात. झाडांचा पालापाचोळा व लाकूड मातीत कुजविण्याचे काम बुरशी व जिवाणू कोट्यवधी वर्षे करीत आले आहेत. मानवाने बेंझीन जमिनीत सांडले, तेव्हा वलय फोडण्याची मूळ हत्यारे तेथे तयारच होती.

हे विज्ञानाच्या लक्षात येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. टोल्यूइन आणि झायलीनवर वाढणाऱ्या जिवाणूची नोंद १९०८ मध्ये झाली. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील प्रसिद्ध कृषी संशोधन केंद्रातील ग्रे व थॉर्नटन यांनी ठिकठिकाणच्या मातीचे नमुने तपासून फिनॉल, क्रेसॉल, नॅप्थॅलीन यांसारख्या पदार्थांचे विघटन करणाऱ्या जिवाणूंचे वर्णन १९२८ मध्ये प्रसिद्ध केले. असे जिवाणू विरळा नसून नाना ठिकाणच्या मातीत वस्ती करून आहेत, हे त्यातून दिसून आले.

पुढील संशोधनात काही नावे वारंवार पुढे आली. त्यांत स्युडोमोनास ही प्रजाती अग्रभागी आहे. तिच्यातील स्युडोमोनास पुटिडा हा जिवाणू या विषयातील सर्वाधिक अभ्यासला गेलेला असून, त्याच्या एका वाणाच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. ऱ्होडोकॉकस, स्फिंगोमोनास, बर्कहोल्डेरिया हेही याच कामातले. क्षयाच्या जंतूचा दूरचा आप्त असलेला मायकोबॅक्टेरियमचा एक वाण चार वलयांच्या पायरीनचे विघटन करतो, हे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये दाखवून दिले. काही जिवाणू तर अन्नाच्या शोधात हालचालही करतात. नॅप्थॅलीन ज्या दिशेला अधिक, त्या दिशेला स्युडोमोनास पुटिडाचा एक वाण पोहत जातो, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले.

वलय फुटते कसे?

वलय फोडण्याची गुरुकिल्ली प्राणवायूत आहे. हा शोध जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ ओसामू हायाइशी यांच्या नावावर आहे. मातीतून मिळविलेल्या जिवाणूंमधील एक विकर, म्हणजेच एन्झाइम, कॅटेकॉल या संयुगाचे वलय उघडते, हे त्यांना ठाऊक होते. उत्पादनात येणारे ऑक्सिजनचे अणू पाण्यातून येतात, असा त्या काळी समज होता. हायाइशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सिजनचा जड समस्थानिक वापरून १९५५ मध्ये दाखवून दिले की, हे अणू थेट हवेतील प्राणवायूतून येतात. अशा विकरांना पुढे ऑक्सिजनेझ हे नाव मिळाले.

मात्र कॅटेकॉलवर आधीच ऑक्सिजनचे दोन अणू असतात. कोऱ्या बेंझीनवर पहिला घाव कसा पडतो, हे कोडे डेव्हिड गिब्सन यांनी सोडविले. जिवाणूचे विकर प्राणवायूच्या रेणूतील दोन्ही अणू एकाच वेळी, वलयाच्या एकाच बाजूला, शेजारच्या दोन कार्बन अणूंवर बसविते, हे त्यांच्या १९६८ पासूनच्या संशोधनातून स्पष्ट झाले. अशा विकराला डायऑक्सिजनेझ म्हणतात. एकदा हे दोन अणू बसले की वलयाचे स्थैर्य मोडते आणि पुढचे काम सोपे होते.

मनुष्याच्या शरीराशी तुलना केली, तर या युक्तीचे महत्त्व ध्यानात येते. आपल्या यकृतातील विकरे अशा वलयावर प्रथम ऑक्सिजनचा एकच अणू बसवितात. त्यातून तयार होणारा पदार्थ अत्यंत क्रियाशील असतो. बेंझोपायरीनच्या बाबतीत या मार्गाने तयार होणारे एक संयुग पेशीतील डीएनएला चिकटते आणि कर्करोगाची बीजे तेथे रोवली जातात. विष बाहेर टाकण्याच्या प्रयत्नात आपले शरीर अधिक घातक विष तयार करते. जिवाणू मात्र हा धोक्याचा टप्पा टाळून त्याचे अन्न करतो.

नॅप्थॅलीनचा पुढील प्रवास असा होतो. दोनपैकी एक वलय प्रथम उघडले जाते आणि अनेक पायऱ्यांनंतर सॅलिसिलिक आम्ल तयार होते. त्वचेच्या मलमांत वापरले जाते आणि ज्याच्यापासून ॲस्पिरिन बनते, तेच हे आम्ल. त्यापासून कॅटेकॉल बनते. कॅटेकॉलचे वलय एका विशिष्ट ठिकाणी कापले जाते आणि सरळ साखळी उरते. या साखळीचे तुकडे पेशीच्या नेहमीच्या ऊर्जाचक्रात शिरतात. साखर पचविताना जे चक्र फिरते, तेच येथेही फिरते.

या विकरांची जनुके अनेकदा जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रावर नसून प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या लहान वर्तुळावर असतात. टोल्यूइन व झायलीन पचविण्याची क्षमता देणाऱ्या प्लास्मिडचे वर्णन १९७४ मध्ये, तर नॅप्थॅलीनच्या प्लास्मिडचे १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्लास्मिड एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. म्हणजेच एखाद्या जागी पेट्रोल सांडले, तर ते पचविण्याची विद्या तेथील जिवाणू एकमेकांना देऊ शकतात.

प्राणवायू संपतो तेव्हा

प्राणवायू हीच गुरुकिल्ली असेल, तर मुख्य अडचणही तेथेच आहे. एक ग्रॅम बेंझीनचे पूर्ण ज्वलन होण्यास सुमारे तीन ग्रॅम ऑक्सिजन लागतो. जिवाणूंनी केलेल्या पूर्ण विघटनाचा रासायनिक हिशेब साधारण तोच. हवेशी संपर्कात असलेल्या एका लिटर पाण्यात अवघा ८ ते १० मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. म्हणजे एक ग्रॅम बेंझीन नाहीसे करण्यासाठी ३०० लिटरहून अधिक पाण्यातील सारा प्राणवायू खर्ची पडेल. भूजलात तर हवा मुळातच कमी. त्यामुळे गळतीच्या जागी जिवाणूंची वाढ होताच काही काळात तेथील प्राणवायू संपतो.

त्यानंतर काम थांबते, असे बराच काळ मानले जात होते. परंतु प्राणवायूविना जगणारे जिवाणूही ॲरोमॅटिक वलयाचे विघटन करतात, हे १९८०च्या दशकात स्पष्ट झाले. अमेरिकेतील डेरेक लव्हली यांच्या गटाने १९८९ मध्ये दाखविले की, नदीच्या गाळातून मिळविलेला एक जिवाणू टोल्यूइनचे विघटन करताना प्राणवायूऐवजी लोहाच्या ऑक्साइडचा वापर करतो. साध्या भाषेत सांगायचे तर, हा जिवाणू गंजाच्या आधारे श्वसन करतो. पुढे त्याला जिओबॅक्टर मेटॅलिरेड्युसेन्स हे नाव देण्यात आले. थॉएरा ॲरोमॅटिका हा दुसरा एक जिवाणू टोल्यूइनच्या रेणूला आधी फ्युमरिक आम्लाची जोड देतो आणि मगच त्याचे विघटन सुरू करतो. नायट्रेट व सल्फेट यांचाही असाच उपयोग अनेक जिवाणू करतात. हे मार्ग संथ आहेत. बेंझीनच्या बाबतीत तर अतिशय संथ. पण जमिनीखाली वेळेची वानवा नसते.

१९७२ : दोन वाटा

या ज्ञानाचा उपयोग करण्याचे दोन भिन्न प्रयत्न अमेरिकेत एकाच वर्षी पुढे आले. त्यांपैकी एकाचे जनक भारतीय होते.

पश्चिम बंगालमधील सैंथिया येथे १९३८ मध्ये जन्मलेले आनंदमोहन चक्रवर्ती कोलकाता विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून अमेरिकेत गेले आणि १९७१ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधन विभागात रुजू झाले. तेलातील निरनिराळे घटक पचविणारी प्लास्मिडे वेगवेगळ्या जिवाणूंमध्ये विखुरलेली असतात. ती सारी एकाच जिवाणूत आणली तर तेलाचा फडशा पाडणारा एकच जिवाणू तयार होईल, अशी त्यांची कल्पना होती. असा स्युडोमोनास त्यांनी तयार केला आणि १९७२ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. सजीवाला पेटंट देता येणार नाही, असे पेटंट कार्यालयाने म्हटले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १६ जून १९८० रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने चक्रवर्ती यांच्या बाजूने निकाल दिला. जैवतंत्रज्ञान उद्योगाचा पाया घालणारा निकाल म्हणून तो ओळखला जातो. चक्रवर्ती यांचे जुलै २०२० मध्ये निधन झाले.

त्याच १९७२ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील ॲम्बलर येथे वाहिनीतून गळालेल्या पेट्रोलने भूजल दूषित झाले होते. सन ऑइल कंपनीतील रिचर्ड रेमंड यांनी तेथे कोणताही नवा जिवाणू आणला नाही. पेट्रोल खाणारे जिवाणू तेथील भूजलात होतेच. रेमंड यांनी विहिरींत हवा सोडली आणि नायट्रोजन व फॉस्फरसयुक्त क्षार मिसळले. शेतकरी पिकाला खत देतो, त्यातलाच हा प्रकार. स्थानिक जिवाणूंची संख्या वाढली आणि पेट्रोलच्या विघटनाला वेग आला. जमीन न खणता जागच्या जागी केलेल्या जैविक शुद्धीकरणाचे हे पहिले मोठे उदाहरण मानले जाते. या पद्धतीचे पेटंट रेमंड यांना १९७४ मध्ये मिळाले.

न्यायालयीन इतिहासात चक्रवर्ती यांचे नाव अजरामर झाले. परंतु दूषित जमिनीवर रेमंड यांचीच वाट मळली. चक्रवर्ती यांचा जिवाणू तेलगळतीच्या सफाईसाठी मोकळ्या निसर्गात कधीच वापरला गेला नाही. बदललेले सजीव बाहेर सोडण्याविषयीची धास्ती हे त्याचे एक कारण. दुसरे कारण मातीच्या स्वभावात आहे. तेथे आधीच वस्ती करून असलेल्या जिवाणूंशी स्पर्धा करणे आणि आदिजीवांच्या भक्ष्यस्थानी पडण्यापासून वाचणे प्रयोगशाळेत वाढलेल्या पाहुण्याला सहसा जमत नाही. नॅप्थॅलीन जवळ असता प्रकाशमान होणारा, जनुकीय बदल केलेला स्युडोमोनास अमेरिकेतील ओक रिज येथे १९९६ मध्ये मातीत सोडण्यात आला, तोही बंदिस्त टाक्यांमध्ये. प्रदूषणाची वार्ता देणारा हेर म्हणून त्याचा उपयोग होतो का, हे पाहण्याचा त्यामागे प्रमुख हेतू होता.

बेमिजीचा धडा

जिवाणूंना कोणतीही मदत न करता त्यांच्यावरच सोपविले तर काय होते, याचे उत्तर अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील बेमिजी या गावाजवळ मिळते. २० ऑगस्ट १९७९ रोजी तेथे कच्च्या तेलाची वाहिनी फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर तेल वालुकामय जमिनीवर पसरले. सफाईनंतरही सुमारे ४ लाख लिटर तेल जमिनीत शिल्लक राहिले. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने १९८३ पासून ही जागा अभ्यासासाठी निवडली. लव्हली यांच्या १९८९ च्या शोधनिबंधातही येथील जमिनीखालचे नमुने वापरले गेले होते.

बेंझीनसारखी विद्राव्य द्रव्ये भूजलाबरोबर वाहत गेली असती, तर १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ती सुमारे ५०० मीटरपर्यंत पोहोचायला हवी होती. प्रत्यक्षात दूषित पाण्याचा पट्टा सुमारे २०० मीटरवरच थबकला होता. उरलेले काम जिवाणूंनी केले होते. पट्ट्याच्या कडेला प्राणवायूवर जगणारे, आतल्या भागात लोहावर श्वसन करणारे आणि गाभ्यात मिथेन वायू तयार करणारे, अशी त्यांची विभागणी होती.

कॅलिफोर्नियातील शेकडो भूमिगत टाक्यांच्या गळत्यांचा लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने १९९५ मध्ये घेतलेला आढावाही याच दिशेने जाणारा होता. बेंझीनचा पट्टा बहुतेक ठिकाणी काही अंतरावर स्थिरावतो आणि २५० फुटांपलीकडे क्वचितच जातो, असे त्यात आढळले. त्यानंतर ‘नैसर्गिक क्षीणन’ ही उपाययोजना म्हणून मान्यता पावली. मात्र नैसर्गिक क्षीणन म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. ठिकठिकाणी निरीक्षण विहिरी खणून पट्टा खरोखरच थांबला आहे ना, याची वर्षानुवर्षे तपासणी करणे हा त्याचा अविभाज्य भाग आहे.

ही तपासणी का आवश्यक आहे, हेही बेमिजीनेच शिकविले. लोहाच्या ऑक्साइडला नैसर्गिकरीत्या अल्पसे आर्सेनिक चिकटलेले असते. जिवाणू ते ऑक्साइड वापरून टाकतात, तेव्हा आर्सेनिक सुटे होऊन पाण्यात मिसळते. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला १० मायक्रोग्रॅम ही आर्सेनिकची मर्यादा असताना, तेथील भूजलात ते २३० मायक्रोग्रॅमपर्यंत आढळल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. बेंझीन खाणाऱ्या जिवाणूंनीच दुसरे विष मोकळे केले होते.

मर्यादा कोणत्या?

जैविक शुद्धीकरणाच्या मर्यादा म्हणूनच नीट समजून घ्यायला हव्यात. पहिली मर्यादा वलयांच्या संख्येची. एक ते तीन वलयांची संयुगे जिवाणू तुलनेने लवकर पचवितात. चार वलयांपुढे वेग झपाट्याने मंदावतो. पाच वलयांच्या बेंझोपायरीनवर एकट्यानेच पोसला जाणारा जिवाणू विरळाच. दुसरे अन्न खाताना जिवाणू त्याचे जाता जाता, अर्धवट विघटन करतात.

दुसरी मर्यादा काळाची. प्रदूषक जितका काळ मातीत राहतो, तितका तो मातीच्या कणांमधील अतिसूक्ष्म छिद्रांत खोलवर शिरतो आणि जिवाणूंच्या आवाक्याबाहेर जातो. कॉर्नेल विद्यापीठातील मार्टिन अलेक्झांडर यांनी १९९०च्या दशकात या ‘मुरण्या’कडे विशेष लक्ष वेधले. ताज्या गळतीवर काही महिन्यांत दिसणारा परिणाम पन्नास वर्षांच्या जुन्या डांबरावर दिसेल, अशी अपेक्षा धरणे त्यामुळे चुकीचे ठरते.

तिसरी मर्यादा अर्धवट विघटनाची. मूळ पदार्थ चाचणीत सापडला नाही, म्हणजे जमीन निर्धोक झाली असे नाही. मधल्या पायऱ्यांवरील संयुगे पाण्यात अधिक विरघळणारी असू शकतात. म्हणून केवळ बेंझीन मोजून न थांबता अवशिष्ट सेंद्रिय द्रव्यांचीही मोजणी करावी लागते. याखेरीज शिसे व अन्य जड धातूंचे कोणताही जिवाणू विघटन करू शकत नाही. मूलद्रव्य शेवटी मूलद्रव्यच राहते.

भारतातील प्रयत्न

भारतात या क्षेत्रातील सर्वाधिक परिचित नाव म्हणजे ‘ऑइलझॅपर’. दिल्लीतील टेरी या संस्थेने केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने ते विकसित केले. कच्च्या तेलातील निरनिराळे घटक पचविणाऱ्या जिवाणूंचा हा समूह असून, मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाच्या भुकटीत मिसळून तो जमिनीवर पसरला जातो. तेलशुद्धीकरण कारखान्यांतील तेलकट गाळ हा घातक कचऱ्यात मोडतो. त्याच्या विल्हेवाटीसाठी ऑइलझॅपरचा वापर झाला आहे. पुढे २००७ मध्ये ओएनजीसी व टेरी यांनी मिळून त्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली. येथे जिवाणू बाहेरून दिले जात असले, तरी जमीन नांगरून मोकळी करणे, ओलावा राखणे आणि खत देणे हे रेमंड यांच्या वाटेवरचे उपाय या पद्धतीतही टळत नाहीत.

मूलभूत संशोधनात मुंबईचाही वाटा आहे. बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत अभ्यासला गेलेला सीएसव्ही ८६ हा नॅप्थॅलीन पचविणारा जिवाणू पवईच्या आयआयटीतील प्रा. प्रशांत फळे यांच्या प्रयोगशाळेने पुढे सखोल तपासला. ग्लुकोज आणि ॲरोमॅटिक संयुग एकाच वेळी समोर ठेवले, तर बहुतेक जिवाणू सोपे अन्न आधी संपवितात. हा जिवाणू मात्र आधी ॲरोमॅटिक संयुग खातो आणि मगच ग्लुकोजकडे वळतो, असे या गटाने भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांसह २००६ मध्ये प्रसिद्ध केले. या विक्षिप्त आवडीला व्यावहारिक महत्त्व आहे. मातीत पालापाचोळ्यापासून मिळणारे सोपे अन्न नेहमीच थोडेफार उपलब्ध असते. त्याच्या मोहात न पडता प्रदूषकाकडे वळणारा जिवाणू सफाईच्या कामाला अधिक उपयुक्त ठरू शकतो. मूळचा स्युडोमोनास पुटिडा म्हणून ओळखला जाणारा हा वाण आता ‘स्युडोमोनास भारतिका’ या नावाने ओळखला जातो.

दूषित जमिनींच्या बाबतीत कायद्याची चौकट मात्र देशात उशिरा आली. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाविषयीचे नियम जुलै २०२५ मध्ये अधिसूचित केले. संशयित जागा शोधणे, त्यांची तपासणी करणे, शुद्धीकरणाचा आराखडा तयार करणे आणि त्याचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करणे, अशी त्यांची दिशा आहे. शहरांमधील जुन्या कारखान्यांच्या जागांवर निवासी संकुले उभी राहत असताना या नियमांची अंमलबजावणी कशी होते, यावर बरेच काही अवलंबून राहील. मातीत काय मुरले आहे हे इमारत उभी राहण्यापूर्वीच तपासता येते. नंतर ते काम जवळजवळ अशक्य होते.

जिवाणूंच्या कर्तृत्वाकडे पाहून प्रदूषण आपोआप नाहीसे होईल, असा निष्कर्ष काढणे सोयीचे असले तरी बरोबर नाही. बेमिजीला वाहिनी फुटून चार दशकांहून अधिक काळ लोटला, तरी तेथील जमिनीखाली तेल आहे आणि जिवाणूंचे कामही चालूच आहे. वलय फोडण्याची विद्या त्यांच्याजवळ आहे. पण त्यांना लागणारी हवा, पोषण आणि वेळ पुरविणे, त्यांच्या कामावर लक्ष ठेवणे आणि मुळात गळतीच होऊ न देणे या जबाबदाऱ्या मात्र माणसाच्याच आहेत.